कोल्हापुरातलं घर विकून गाडीने देश फिरायला निघताना: कशानंतर काय करायचं

दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं असेल तर घराच्या कागदांना आदल्या दसऱ्यालाच हात घालावा लागतो. एकाच्या नावावरचा, बोजा नसलेला फ्लॅट चार-सहा महिन्यांत हातावेगळा होतो. शिवाजी पेठेतलं, आजोबांच्या नावावरचं, चार वारसांचं आणि एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक असलेलं घर वर्ष खातं. म्हणून गाडी आधी घेऊ नका. दारात गाडी उभी राहिली की निघायची घाई होते आणि घाईत विकणाऱ्याचा दर गिऱ्हाईक बरोबर ओळखतं.

क्रम असा ठेवा: कागद, वारस, कराचा हिशेब, मग गिऱ्हाईक, मग परतीचा पत्ता आणि शेवटी गाडी.

उतारा काढा आणि नीट वाचा

शहर हद्दीतल्या घरासाठी मिळकत पत्रिका लागते. ती नगर भूमापन कार्यालयातून मिळते. महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीची प्रतही निघते. उचगाव, पाचगावसारख्या हद्दीबाहेरच्या गावांत ग्रामपंचायतीचा नमुना 8 आणि जमिनीचा सातबारा पाहावा लागतो. घरफाळ्याची पावती हा मालकीचा पुरावा नाही. पावतीवर वडिलांचं नाव आणि मिळकत पत्रिकेवर अजून आजोबाच, असं जुन्या पेठांत सर्रास आढळतं.

पत्रिकेवर धारकाचं नाव, क्षेत्र, सत्ताप्रकार आणि इतर हक्क या चार जागा तपासा. क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं. 1 चौरस मीटर म्हणजे 10.764 चौरस फूट. पत्रिकेवर 92 चौरस मीटर आणि प्रत्यक्षात परड्यासकट 1,150 चौरस फूट भरत असेल, तर वरचे दीडशे फूट तुमचे असल्याचा कागद तुमच्याकडे नाही. अशा वेळी मोजणीचा अर्ज आधी द्या, कारण खरेदीदाराच्या बँकेचा वकील नेमका इथेच अडतो. सत्ताप्रकार ‘ब’ असेल, म्हणजे जमीन सरकारी अटींवर मिळालेली असेल, तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवानगीचा आणि नजराण्याचा, म्हणजे सरकारला भरायच्या रकमेचा, प्रश्न येतो. त्याचा निकाल लागेपर्यंत कोणाकडूनही इसार घेऊ नका. जमीन देवस्थान इनामाची निघाली तर वकिलाशिवाय पुढे जाऊ नका.

इतर हक्कांत बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा दिसतो. कर्ज वीस वर्षांपूर्वी फिटलेलं असलं तरी बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला, देऊन बोजा कमी केलेला नसतो. संस्था बंद पडली असेल तर तिचा कारभार गुंडाळणाऱ्या अवसायकाकडे जावं लागतं आणि त्यात दोन-तीन महिने जातात.

यासोबत मूळ खरेदीपत्र, बांधकाम परवाना, सूची क्रमांक 2 (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा) आणि घरफाळा, पाणीपट्टी, महावितरणचं बिल यांच्या चालू पावत्या एका फाइलमध्ये लावा. वकिलाकडून 30 वर्षांचा शोध अहवाल आधीच करून घ्या. तो खरेदीदार करतोच, पण दोष त्याच्याआधी आपल्याला कळलेला बरा. ट्रंकेत मोडी लिपीतले कागद सापडले तर रद्दीत टाकू नका. मोडी जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. बोळातून जायचा हक्क किंवा सामाईक आडाचा करार बहुधा त्यातच असतो.

वारस: सगळ्यात जास्त वेळ इथे जातो

वडील मृत्यूपत्र न करता गेले असतील तर हिंदू वारसा कायद्याने आई, मुलगे, मुली आणि हयात असेल तर वडिलांची आई हे सगळे वारस. वडिलोपार्जित मिळकतीतही 2005 च्या दुरुस्तीपासून मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. वडील 2005 पूर्वी वारले असले तरी तिचा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं. ‘बहिणीचं लग्न झालंय, तिला कशाला त्रास’ असं म्हणून तिला वगळून केलेला व्यवहार पुढे कधीही उलटू शकतो.

बहिणीला हिस्सा नको असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. नोटरीपुढे केलेला कागद चालत नाही. हक्कसोड फक्त सहहिस्सेदाराच्या लाभात होतं. सुनेच्या किंवा भाच्याच्या नावे करायचं असेल तर ते बक्षीसपत्र होतं आणि त्याचा मुद्रांक वेगळा. तिला हिस्सा हवा असेल तर हक्कसोड करून मागून हातात रोख देण्याचा मार्ग धरू नका. तिला खरेदीपत्रात ‘लिहून देणार’ म्हणून घ्या आणि तिच्या हिश्शाची रक्कम थेट तिच्या खात्यात जाऊ द्या.

यात कराचाही मोठा मुद्दा आहे. सगळ्यांनी एका भावाच्या नावे हक्कसोड केलं की सगळा भांडवली नफा त्या एकट्याच्या डोक्यावर बसतो. चौघांनी मिळून विकलं तर नफा चार ठिकाणी वाटला जातो आणि कर वाचवणाऱ्या रोख्यांची मर्यादा प्रत्येकाला स्वतंत्र मिळते.

परदेशातल्या भावाचं कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून मागवा. भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. त्याच्या हिश्शावर खरेदीदाराला नेहमीचा 1 टक्का नव्हे, तर बराच जास्त कर कापावा लागतो. तो कमी करून घ्यायचा असेल तर आयकर खात्याचा दाखला आधी काढावा लागतो. वारसांत अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, मूल असेल तर न्यायालयाच्या परवानगीबद्दल वकिलाला पहिल्याच दिवशी विचारा.

कराचा हिशेब दर ठरवण्याआधी

घर दोन वर्षांहून जास्त काळ तुमच्याकडे असेल तर नफा दीर्घकालीन धरला जातो. वारशाने आलेल्या घराला वडिलांच्या मालकीची वर्षंही मोजली जातात. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घराला निवासी व्यक्तीसाठी दोन वाटा आहेत: महागाई निर्देशांक न लावता 12.5 टक्के, किंवा लावून 20 टक्के. यांतला जो कर कमी तो भरायचा. घर 2001 पूर्वीचं असेल तर 1 एप्रिल 2001 चं बाजारमूल्य ‘खरेदी किंमत’ म्हणून घेता येतं. मात्र ते त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही.

आता आकडे. समजा घर 80 लाखांना जातंय आणि 2001 चं मूल्य 6 लाख निघालं. निर्देशांक न लावता नफा 74 लाख, कर 9 लाख 25 हजार. 2025-26 चा 376 हा निर्देशांक लावला तर खरेदी किंमत 22 लाख 56 हजार, नफा 57 लाख 44 हजार आणि 20 टक्क्यांनी कर जवळपास 11 लाख 49 हजार. इथे पहिली वाट स्वस्त. पण हेच 2001 चं मूल्य 20 लाख असेल तर पहिल्या वाटेने साडेसात लाख आणि दुसऱ्या वाटेने फक्त 96 हजार कर येतो. विक्री किंमत 2001 च्या मूल्याच्या साधारण 8.4 पटींपेक्षा कमी असेल तर निर्देशांक फायद्याचा, एवढं सूत्र लक्षात ठेवा. वर 4 टक्के उपकर असतो आणि उत्पन्न 50 लाखांवर गेलं तर अधिभारही. सांगायचा मुद्दा हा की शासनमान्य मूल्यनिर्धारकाचा 2001 चा अहवाल काही हजारांत मिळतो आणि तो काही लाखांचा फरक पाडू शकतो. घर उभं आहे तोवरच तो करून घ्या. खरेदीदाराने पाडल्यावर मूल्यनिर्धारकाला बघायला काही उरत नाही.

नफ्यातून दोन वर्षांत दुसरं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं तर त्या रकमेपुरता कर लागत नाही. फिरायला निघणाऱ्यांना ही सवलत फार सोयीची आहे. नफ्याची रक्कम विवरणपत्राच्या मुदतीआधी बँकेतल्या ‘भांडवली नफा खात्यात’ ठेवायची, फिरून यायचं आणि मग शांतपणे छोटा फ्लॅट बघायचा. मुदतीत घर घेतलं नाही तर कर भरावा लागतो. घर घ्यायचंच नसेल तर सरकारी कंपन्यांचे ठरावीक रोखे आहेत: विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत, कमाल 50 लाख, पाच वर्षं पैसे अडकलेले. ही सहा महिन्यांची तारीख राजस्थानात असताना आठवून उपयोग नाही. निघण्याआधीच गुंतवा. नवा आयकर कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू होत असल्याने कलमांचे जुने आकडे बदलतात. सीएशी बोलताना कलम पाठ करून जाण्यापेक्षा व्यवहाराच्या तारखा घेऊन जा.

गिऱ्हाईक, इसार, खरेदीपत्र

कोल्हापुरात घर बघायला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो: ‘पाणी येतं का?’ म्हणजे पुराचं. 2005, 2019 आणि 2021 साली घरात किती पाणी आलं होतं ते खरं सांगा. भिंतीवरची रेघ रंगवून झाकू नका. माहीत असलेला दोष लपवला तर खरेदीदार पुढे कोर्टात जाऊ शकतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. ‘43 झाले की पाणी बोळाच्या तोंडाशी येतं, घरात नाही’ असं नेमकं उत्तर दिलं की माणसाचा विश्वास बसतो. मिळकत निळ्या की लाल पूररेषेत आहे तेही महापालिकेतून पाहून ठेवा. नवं बांधकाम करायला घर घेणाऱ्याला तेच हवं असतं.

पितृपंधरवड्यात सहसा कोणी इसार देत नाही आणि पावसाळ्यात नदीकडच्या घराला गिऱ्हाईक फिरकत नाही. घर दाखवायला दिवाळी ते गुढीपाडवा हा काळ चांगला.

साठेखतात, म्हणजे खरेदीपत्राआधीच्या करारात, ताब्याची तारीख खरेदीपत्रानंतर निदान 60 दिवसांची लिहून घ्या. घर रिकामं करायला तेवढे लागतातच. साठेखताबरोबरच ताबा दिला तर तिथेच पूर्ण मुद्रांक शुल्क लागतं, म्हणून ती घाई टाळा. सामाईक भिंत, बोळ आणि नळाची लाईन यांचा उल्लेख चतुःसीमेसोबत करा. स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस देऊन हरकतींची मुदत संपल्यावरच मोठी रक्कम हलू द्या.

किंमत कमी दाखवून उरलेली रोख घेण्याचा प्रस्ताव येईलच. तो नाकारा. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि रोखीतले पैसे ना रोख्यांत जातात ना नव्या घरात दाखवता येतात. व्यवहार 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर खरेदीदार 1 टक्का टीडीएस, म्हणजे तुमच्या नावावरचा आगाऊ कर, कापतो. त्याचं प्रमाणपत्र घेतल्याशिवाय विषय संपवू नका. नोंदणीच्या दिवशी दुय्यम निबंधकासमोर अंगठा देण्याआधी खात्यात आरटीजीएस जमा झाल्याचं बँकेतून पक्कं करा. मोबाइलवर दाखवलेला फोटो म्हणजे जमा नव्हे. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला सादर व्हावा लागतो. मुद्रांक आणि नोंदणी फी खरेदीदाराची. खरेदी महिलेच्या नावे असेल तर राहत्या घरावर मुद्रांकात 1 टक्का सवलत मिळते, हे त्याला आठवण करून दिलं तर घासाघीस थोडी सैल होते.

पैसे कुठे ठेवायचे

ओळखीच्या पतसंस्थेतून अर्धा-एक टक्का जादा व्याजाचा निरोप येईल. बँक बुडाली तर एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासकट 5 लाखांपर्यंतच विमासंरक्षण आहे, आणि पतसंस्थेच्या ठेवीला तेवढंही नाही. जन्मभराचं घर विकून आलेला पैसा ओळखीखातर ठेवायचा नसतो. कराची रक्कम वेगळ्या ठेवीत बाजूला काढा. साठी ओलांडली असेल तर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात येतं. प्रवासखर्चाला ते बरोबर बसतं.

घर रिकामं करणं

साठ दिवसांतले पहिले दोन आठवडे फक्त वाटपाला ठेवा. सुरुवात देवघरापासून करा: टाक कोणाकडे जाणार, नवरात्र कोण बसवणार, हे भावंडांनी एकत्र बसून ठरवायचं आणि लिहून ठेवायचं. भांडणं फ्रीजवरून होत नाहीत, आईच्या पितळी डब्यावरून होतात. तांब्या-पितळेचं वजन घरीच काट्यावर करून मग मोडीचा भाव विचारा. पाटा, जातं, सागवानी कपाट यांना फोटो टाकून महिनाभर वाट पाहिली की चांगलं गिऱ्हाईक मिळतं. शेवटच्या आठवड्यात ते भंगारवाल्याकडेच जातं. पुस्तकं देण्याआधी करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयाला यादी दाखवा. पोती भरून दारात नेऊ नका. ताबा देताना महावितरणच्या मीटरचा आकडा आणि पाण्याचं मीटर फोटोसह लिहून घ्या आणि नावबदलाच्या अर्जाची पोच मिळवा, नाहीतर पुढची बिलं तुमच्याच नावाने थकतात.

परतीचा पत्ता

बेघर माणसाला बँक, विमा कंपनी आणि आरटीओ पत्ता विचारतातच. भावाकडे किंवा मुलीकडे पत्ता लावता येत नसेल तर कळंबा किंवा फुलेवाडीकडे एक खोली अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत करारावर घ्या. चार ट्रंका तिथे राहतात आणि आजारपणात परत यायला कुलूप उघडायची सोय असते. आमच्या मते हा खर्च कधीच वाया जात नाही. त्या पत्त्यावर आधार, बँक, आरोग्य विमा, गाडीची नोंदणी आणि मतदार यादी या क्रमाने बदल करा, कारण पुढचे बहुतेक बदल आधारवरच होतात. पोस्टात पत्र वळवण्याचा अर्ज द्या. मूळ कागद लॉकरमध्ये आणि स्कॅन केलेल्या प्रती दोन माणसांकडे ठेवा. पेन्शनधारकांना नोव्हेंबरचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो. निघण्याआधी एकदा घरी करून बघा.

गाडी

जुनी एमएच 09 चालेल की नवी घ्यायची? इंजिन बरं असेल तर जुनी घ्या, पण टायर बघा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: 2322 म्हणजे 2022 सालचा 23 वा आठवडा. सहा वर्षांवरचा टायर नक्षी शिल्लक असली तरी बदला. ब्रेक ऑइल दोन वर्षांवरचं असेल तर काढून टाका. त्यात ओल शिरलेली असते आणि आंबा घाट उतरताना ते तापून उकळलं की पेडल तळाला जातं. 2019 पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट आणि चालू पीयूसी हवी. जुनी डिझेल गाडी असेल तर दिल्ली परिसरातले त्या वेळचे निर्बंध बघूनच तिकडे वळा. एका परराज्यात सलग बारा महिन्यांहून जास्त गाडी ठेवली तर तिथे नोंदणी करावी लागते.

सीट काढून, छत कापून कॅराव्हॅन करण्याच्या फंदात पडू नका. नोंदणीपत्रातल्या रचनेत केलेला बदल मोटार वाहन कायद्यात बसत नाही आणि अपघातात विमा कंपनी तेच बोट दाखवते. सात आसनी गाडीत मागच्या सीट दुमडून वर सुटा ठेवता येईल असा पलंग पुरतो. शिवाजी उद्यमनगरात 25 मिमी चौरस, 1.6 मिमी जाडीच्या पाइपची चौकट एका दिवसात होते. वर 12 मिमी वॉटरप्रूफ प्लाय आणि साडेसात सेंटिमीटरचा फोम तीन तुकड्यांत. लांबी 183, रुंदी 115 सेंटिमीटर धरली तर प्लाय साधारण 17 किलो आणि 12 मीटर पाइप 14 किलो होतो. उंची 30 ते 35 सेंटिमीटरच ठेवा. गादीपासून छतापर्यंत 85 सेंटिमीटर उरले नाहीत तर आत ताठ बसता येत नाही. पलंग गाडीच्या मूळ हुकांना रॅचेट पट्ट्यांनी आवळा. पत्र्याला भोक पाडलं की तिथून गंज धरतो, आणि नुसता ठेवलेला पलंग जोरात ब्रेक लागला की पाठीत येतो.

वजनाची बेरीज कागदावर करा: दोन माणसं 130, पलंग 35, वीस लिटरचे दोन कॅन पाणी 40, सामान 60, स्वयंपाक 25, म्हणजे 290 किलो. स्वयंपाक गाडीबाहेरच. बंद गाडीत शेगडी पेटवली की कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो. झोपताना दोन काचा चार बोटं खाली घेऊन जाळी लावा. पंख्यासाठी वेगळी बॅटरी ठेवा, नाहीतर सकाळी गाडी ढकलायला माणसं शोधावी लागतात. कांदा-लसूण चटणी, भडंग, गूळ आणि पिठल्याचं पीठ एवढं असलं की कुठल्याही राज्यात रात्रीची सोय होते.

इंधनाचा अंदाज: महिन्याला 3,000 किलोमीटर, लिटरला 15 चा ॲव्हरेज म्हणजे 200 लिटर. लिटर 105 रुपये धरला तर 21 हजार. खाजगी गाडीसाठी 15 ऑगस्ट 2025 पासून फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला. सुरुवातीचा दर 3,000 रुपये, 200 फेऱ्या किंवा एक वर्ष. तो राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर चालतो, राज्याच्या रस्त्यांवर नाही.

चाचणी आणि पहिला टप्पा

खरेदीपत्र होण्याआधीच, गाडी घेतली नसेल तर मागून आणलेल्या गाडीने, दोन रात्री गगनबावड्याला, साधारण 55 किलोमीटरवर, गाडीत झोपून बघा. नंतर पाच दिवस घाट उतरून कोकण किनारा करा. कोणाच्या घोरण्याने कोण जागं राहतं, गुडघे पलंगावर चढू देतात का आणि कोणतं सामान एकदाही उघडलं नाही, हे तेव्हाच कळतं. न उघडलेलं सामान खोलीवर ठेवून द्या. जोडीदाराला मनापासून नको वाटत असेल तर तेही याच सात दिवसांत कळतं, आणि तेव्हा घर अजून आपलंच असतं.

ऑक्टोबरात निघालात तर कोकण, गोवा, उत्तर कर्नाटक. नोव्हेंबरात तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पाऊस असतो, म्हणून तेव्हा गुजरात-राजस्थानकडे वळा आणि दक्षिण जानेवारीला ठेवा. हिमाचल मेनंतर. अरुणाचल, नागालँड, मिझोराम, मणिपूरला इनर लाइन परवाना लागतो. औषधं तीन महिन्यांची घ्या आणि चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या.

पहिल्या दिवशी दीडशे किलोमीटरच्या वर जाऊ नका. दक्षिणेला निघालात तर बेळगाव साधारण 110 वर आहे, तिथेच मुक्काम करा. निघण्याआधी गॅरेजमध्ये चाकं काढली गेली असतील तर नट पहिल्या 50 ते 100 किलोमीटरमध्ये थोडे सैलावतात. 50 किलोमीटर ओलांडल्यावर सपाट जागा बघून गाडी थांबवा, इंजिन बंद करा, पाना काढा आणि चारही चाकांचे नट समोरासमोरच्या जोडीने पुन्हा आवळा.